चित्रातलं ऊन

पनवेल,
१८ जानेवारी १९५९

प्रिय महादू,

आशीर्वाद आहेतच, ते काही तुझ्या एका पत्राने आटत नाहीत. पण तुझ्या पत्राला यायला मुहूर्त कोणता सापडला, तर ऐन संक्रांत! ह्यांनी ते दारातच पोस्टमनकडून घेतलं आणि तिळगुळाचं असेल म्हणून मोठ्याने वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला आवाज खाली आला, तिसऱ्या ओळीला कागद माझ्या हातात आला, आणि शाळेला सुट्टी असताना आमचे मास्तर चपला घालून बाहेर निघून गेले. 'ताई, तू माझं घर उलटं केलंस, आणि तेही मला न विचारता,' असं तू लिहितोस. उलटं केलं हे खरं. न विचारता केलं हे खोटं, दोनदा विचारलं होतं. पण तुला सगळी हकिकत तुकड्यातुकड्यांनी कळली, काशिरामशेटच्या तोंडून आणि वर साहेबांच्या देखत, म्हणून तुझा पापड मोडला आहे हे मला समजतं. तर आता मी सगळं पहिल्यापासून सांगते. तू मधे बोलायचं नाहीस. पत्राची तेवढी एक सोय असते.

गणपतीत तू आला होतास तेव्हाचं आठव. काशिरामशेट पेढ्यांचा पुडा घेऊन आपल्याकडे येऊन बसले. खाडीकाठच्या मिठागरांतून वर आलेला माणूस, आवाज असा की शेजारच्या आळीत ऐकू जावा. उरणच्या रस्त्याला जागा घेतली आहे, तिथे बंगला बांधायचा आहे, म्हणाले. 'आपला पनवेलचा पोऱ्या शिकून आर्किटेक झालाय, मंग आमी मुंबईचा मानूस कशाला बगू?' तुझे कान लाल झाले होते. फोर्टातल्या ऑफिसात साहेबांच्या इमारतींचे जिने आणि मोऱ्या काढून काढून तू कंटाळला होतास, आणि इथे तुला तुझं स्वतःचं पहिलं घर मिळत होतं. साहेबांना न सांगता हे काम घेतोयस हे तू मला त्याच संध्याकाळी सांगितलंस. मी 'जपून कर' एवढंच म्हणाले, कारण खरं सांगायचं तर मलाही आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दसऱ्याच्या आधी तुझा प्लॅन आला, दर्शनी बाजूचं एलेव्हेशन आलं, एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती. सोबत तुझी चिठ्ठी: 'ताई, पर्स्पेक्टिव्ह असं कर की शेट खूश झाला पाहिजे. ऊन नेहमीसारखं डावीकडून. झाडं भरपूर. पुढे एक मोटार उभी कर.' शेटकडे मोटार नाही, मिठाच्या बैलगाड्या आहेत. पण आर्किटेक्टच्या चित्रात मोटार असतेच. बैलगाडी काढली तर बंगला स्वस्त दिसतो.

तुझ्या नकाशांवरून अशी, उभं राहिलेलं घर दिसेल तशी रंगीत चित्रं करताना मला नेहमी बाबा आठवतात. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवलेला माणूस, कागदावर काम करणाऱ्यांना ते 'पोस्टाची तिकिटं रंगवणारे' म्हणायचे. तुला जे कॉलेजात पुस्तकातून शिकवलं ते मला त्यांनी भिंतीवर शिकवलं. डोळ्याच्या उंचीवर एक आडवी रेघ, त्या रेघेवर खिळा, खिळ्याला दोरी, आणि घराच्या मागे जाणाऱ्या सगळ्या कडा त्या दोरीच्या ओढीने आखायच्या. फक्त बाबांकडे नाटकगृहाची भिंत होती आणि माझ्याकडे या एवढ्याशा खोल्या. शेटच्या बंगल्याच्या दोन बाजूंना दोन खिळे, एक बोर्डावर मावला, दुसरा पडला थेट स्वयंपाकघराच्या चौकटीत. ते चित्र होईपर्यंत हे हातात चहाचा कप घेऊन दोरीखालून वाकून जात होते. एकदा म्हणाले, शेटचं घर उभं राहील तेव्हा राहील, माझी कंबर त्याआधी बसेल. मग कागद भिजवला, कडा चिकटवून ताणला, वाळल्यावर पेन्सिल, मग शाई, मग रंगाचे पातळ हात एकावर एक. ऊन म्हणजे रंग न लावलेला कागद, हे तुला मी सांगायला नको. सावली नीट टाकली की ऊन आपोआप उरतं. उजवीकडची ती पुढे आलेली खोली, मोठ्या खिडकीची, तू पाहुण्यांसाठी ठेवलेली, तिची भिंत मी जवळजवळ कोरीच सोडली. असं काही ऊन पडलं तिच्यावर की मीच बघत बसले.

काशिरामशेटनी चित्र बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज बसला. मग परत आला. 'शकूबाय, हा तर बांदून झालाय!' त्यांनी ते काचेत बसवून घेतलं आणि गावच्या घरी गंगाबाईंच्या खाटेसमोर भिंतीला लावलं. गंगाबाई म्हणजे त्यांची बायको, तू त्यांना पाहिलेलं नाहीस. काही वर्षं झाली, त्यांचे सांधे धरलेत. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. मिठागरावर डोक्यावरून टोपल्या वाहिलेली बाई, आता तिची वेणी दुसऱ्या कोणीतरी घालावी लागते. सगळा गाव चित्र बघायला लोटला. ही मोटार कोणाची, ही छत्रीवाली बाई कोण, कोणाच्या नात्यातली, हे झाड आंब्याचं की जांभळाचं, प्रश्नांना अंत नव्हता. ठमाबाई नावाच्या एका म्हातारीने तर मला निरोपच पाठवला, की त्या छत्रीवालीला सांगा, कवाची उन्हात उभी हायस, आत येऊन बस.

दिवाळीत त्यांनी आम्हां दोघांना फराळाला बोलावलं. गंगाबाईंच्या खाटेजवळच पाट मांडले होते. मी चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि गंगाबाई म्हणाल्या, 'बाय, ती खोली माजी.' वाकडं झालेलं बोट काचेवर टेकवून त्यांनी दाखवलं. उजवीकडची, पुढे आलेली, उन्हातली. शेट सांगायला लागले, की डॉक्टरांनी बजावलंय, थंडीच्या दिवसांत सकाळचं ऊन अंगावर घ्या, औषधाइतकंच ते कामाचं. गावातल्या घराला चारी बाजूंनी घरं चिकटलेली, ऊन येतं ते कौलांवरच थांबतं. म्हणून तर जागा घेतली, म्हणून तर हा बंगल्याचा घाट. पाहुण्यांच्या खोलीत पाहुणे नाही, ही. 'चित्र बगला आनि त्याच दिशी ठरवला,' म्हणाले. माझ्या तोंडात चकली तशीच राहिली. उरणचा रस्ता माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला होता. रस्ता जातो पूर्व-पश्चिम. जागा रस्त्याच्या दक्षिण अंगाला. म्हणजे घराचं तोंड उत्तरेकडे, आणि ती खोली अगदी तोंडावर. महादू, तिथे थंडीत सकाळचं ऊन पाडायचं तर सूर्याला आपली वाट सोडून यावं लागेल. जेठात थोडं तिरपं येईल, पण जेठात ऊन कोणाला हवंय? पौषात, जेव्हा त्या बाईची मिटलेली बोटं उघडत नाहीत, तेव्हा त्या भिंतीला नुसती सावली.

आपण दोघांनी काही जगावेगळं केलं असं मी म्हणत नाही. धंद्याचं ऊन तसंच असतं. डावीकडून, बघणाऱ्याच्या खांद्यावरून, तिरपं, मग घराचं तोंड उत्तरेला असो नाहीतर पाताळाला. त्यामुळे कमानींच्या सावल्या झकास पडतात आणि घर उठून दिसतं. सगळे तसंच काढतात, आणि सगळ्या आर्किटेक्टांना ते ठाऊक असतं. फक्त ज्याला त्या घरात राहायचं त्याला कोणी सांगत नाही. बाबांनी जन्मभर महाल रंगवले, महालांत झुंबरं रंगवली, पण तिथे खाट टाकून झोपायला कोणी गेलं नाही. घरी आल्याबरोबर मी तुला लिहिलं. तू कळवलंस, 'ऊन चित्रातलं आहे, त्याचा प्लॅनशी काय संबंध? खिडकी आणखी मोठी करतो.' मी परत लिहिलं. तू कळवलंस, की तीन कमानी आणि ती पुढे आलेली खोली हाच घराचा जीव आहे, तिथे हात लावायचा नाही, आणि शेटला एक अक्षर बोलू नकोस, बिचकेल. खिडकी मोठी केली म्हणून उत्तरेला ऊन वाढतं का रे? तरी तुझं मन मला कळत होतं. पहिलंवहिलं घर, ते मनात आलं तसंच उभं राहावं असं कोणाला वाटणार नाही? पण भाजी चिरताना, केर काढताना, काही करताना मला ते काचेवर टेकवलेलं बोट दिसायचं. मला अन्न गोड लागेना.

शेवटी मी सांगितलं. गोडीगुलाबीने सांगायचं ठरवून गेले होते, ते जमलं नाही. मला कधी जमलंय? सरळ म्हणाले, शेट, या चित्रातलं ऊन खरं नाही. त्यांना आधी अर्थच लागेना. लागला तसे भडकले. 'मंग हा चित्र कशाला काडला? तुज्या भावानं आमाला फसवला?' तुझं नाव निघालं तशी मीही आवाज चढवला. म्हटलं, माझ्या भावाने कोणाला फसवलेलं नाही, मुंबईत जा नाहीतर विलायतेला जा, घरांची चित्रं अशीच काढतात. आणि फसवायचंच असतं तर मी तुमच्या दारात कशाला आले असते, घरात बसून पापड लाटले नसते?  शेट म्हणाले, चला, दाखवा. त्यांच्या छकड्यातून आम्ही जागेवर गेलो, सकाळचीच वेळ होती. तुझ्या आखणीच्या चुन्याच्या रेघा होत्या, त्यांतल्या त्या खोलीच्या चौकोनात मी त्यांना रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. म्हटलं, पाठीमागे सगळं घर उभं आहे असं समजा. ऊन कुठे लागतंय? ऊन त्यांच्या पाठीवर होतं. त्यांनी गाडीवानाची काठी मागून घेतली, जमिनीत रोवली, आणि रस्त्याकडे पडलेली सावली बघत बराच वेळ उभे राहिले. 

उपाय साधा होता. खोल्या पुढच्या मागे न्यायच्या. मागे दक्षिण, कर्नाळ्याचा सुळका समोर, मधे नुसती भातखाचरं, ऊन अडवायला काही नाही. पण मग चार माणसं बसायची ती ओटीही मागे गेली, अंगण मागे गेलं, उद्या पोरांच्या लग्नाचा मांडव पडेल तोही मागेच. आणि दार? भटजी म्हणाले, दक्षिणेला दार म्हणजे यमाला आमंत्रण. शेटचे भाऊबंद म्हणाले, एवढा बंगला बांधून रस्त्याकडे पाठ करायची, मग मातीची झोपडी काय वाईट? ही सगळी चर्चा गंगाबाईंच्या खाटेभोवती चालली होती, आणि त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. शेवटी त्याच बोलल्या. 'यमाला माजा घर कवाच ठावं हाय. तो काय दार बगून येनार नाय.'  मग मीच तोडगा काढला. दार पूर्वेला करू, बाजूच्या भिंतीत. पूर्वेच्या दाराला कोणाची हरकत नसते. ओटी आणि गंगाबाईंची खोली दक्षिणेला. स्वयंपाकघर, भाताची कोठी आणि पाहुण्यांची खोली रस्त्याकडे. तुझ्या तीन कमानींना मी धक्का लावला नाही, ऐकतोयस ना? रस्त्यावरून त्या तशाच दिसतील. येणारा-जाणारा म्हणेल, काय शेटचा दिवाणखाना आहे, आणि आत लोणच्याच्या बरण्या असतील. यावर शेट खो खो हसले. 'लोकं वलसा घालून येतील,' म्हणाले. 'आमी काय पलून नाय जात.'

मग त्यांनी माझ्याकडे मागच्या बाजूचं चित्र मागितलं. 'पन या खेपेला आमचा सूर्य काडा.' घराच्या मागच्या बाजूचं पर्स्पेक्टिव्ह आजवर कोणी मागितलं असेल का? मी काढलं. काठीच्या सावलीवरून सावल्या टाकल्या, थंडीतल्या सकाळच्या लांबलचक सावल्या. विहीर काढली, धुण्याचा दगड काढला, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं काढलं. मोटार काढली नाही. खिडकीतून ऊन जितकं आत जाईल तितकंच आत जाऊ दिलं. हे चित्र मात्र माझ्या हातून लवकर उरकलं नाही. आकाशाच्या रंगाचा हात वरून खाली एका दमात ओढावा लागतो, मधे थांबलं की डाग धरतो, आणि माझा दोनदा धरला. दोन्ही वेळा स्पंजने धुऊन पहिल्यापासून सुरुवात केली. ह्यांना म्हटलं, थंडीमुळे कागद लवकर वाळत नाही. पहिल्या चित्राइतकं ते देखणं झालेलं नाही, पण शेटनी ते बघून नुसती मान हलवली, आणि मला ती पहिल्या आरडाओरड्यापेक्षा जास्त आवडली.

आता तुझ्या ऑफिसातल्या प्रकाराबद्दल. मी शेटना बजावून सांगितलं होतं, महादू रविवारी येईल तेव्हा त्याच्याशी बोलू, तोच नवा प्लॅन करून देईल. पण त्या माणसाला दम कुठला! पहिलं चित्र काचेसकट भिंतीवरून काढलं, ठाण्याला वळसा घालून जाणाऱ्या त्या एस.टी.त मांडीवर घेऊन बसले आणि थेट फोर्ट गाठलं. पुढचं तू लिहिलंच आहेस. धोतर-टोपीतला माणूस साहेबांच्या केबिनमध्ये शिरतो, टेबलावरचे कागद बाजूला सारून चित्र मांडतो आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं विचारतो, 'सायेब, या चित्रान सूर्य कोनच्या बाजूला हाय?' आणि तुझे साहेब चश्मा पुसून म्हणतात, 'उत्तरेला, शेट. आमच्या धंद्यात असा एक जादा सूर्य असतो.' तू हे रागाने लिहिलंयस, पण मी हसून हसून बेजार झाले, माफ कर. नंतर मात्र हसू थांबलं. खासगी कामं करतोस हे साहेबांना असं सगळ्यांदेखत कळलं, तुझी नोकरी टांगणीला लागली, याचं मला वाईट वाटतं. मनापासून वाईट वाटतं. आणि एक सांगते, साहेबांनी चित्र कोणाचं विचारल्यावर तू 'माझ्या ताईचं' म्हणालास. तेव्हा तू माझ्यावर इतका चिडलेला होतास, तरी म्हणालास. ते वाक्य मी ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. मग साहेबांनी ती अट घातली, की आपलं ऑफिस ज्या टाउन हॉलच्या स्पर्धेत उतरलंय त्याचं पर्स्पेक्टिव्ह तुझ्या बहिणीकडून फेब्रुवारीअखेर करून आण, मग बंगल्याचं मी विसरलो. ते नकाशे शेटच्याच हाती माझ्याकडे पोचले. 'निदान हे तरी माझ्या मनासारखं कर,' ही तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मला लागली, पण ती तू लिहिलीस ते बरोबरच आहे.

शेटनी तुझ्या नव्या प्लॅनची वाटही बघितली नाही. माझ्या कच्च्या आराखड्यावरून गवंड्याला बोलावून नवी आखणी करून घेतली, आणि परवा गंगाबाईंना जागेवर आणलं. छकड्यात गादी घालून आणलं, मग खुर्चीसकट उचलून त्यांच्या खोलीच्या चुन्याच्या चौकोनात ठेवलं. भिंत नाही, छप्पर नाही, नुसती जमीन आणि ऊन. त्या कर्नाळ्याकडे तोंड करून बसून राहिल्या. कोणी काही विचारलं की हात हलवून गप्प करायच्या. बऱ्याच वेळाने त्यांनी चहा मागितला आणि कप दोन्ही तळव्यांत धरून स्वतःच्या हाताने प्यायल्या. शेट लगेच पाठ फिरवून गवंड्यावर ओरडायला लागले, गवंड्याचं काही चुकलेलं नसताना. मी बाजूला उभी होते. गंगाबाईंनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, 'तू बी बस, बाय. हात पुढं कर उनात.' त्या माझ्या बोटांकडे बघत होत्या. मी हात पुढे करून त्यांच्या पायाशी बसले.

तर आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. अक्षर बघून तुला वाटलं असेल, ताईने रागारागाने खरडलंय. तसं नाही. पेन धरवत नाही म्हणून पेन्सिलीने लिहितेय, आणि संक्रांतीपासून रोज ऊन दारात आलं की थोडं थोडं लिहितेय. दिवाळीनंतर सकाळी बोटं आखडायला लागली, ती आता दुपारपर्यंत सुटत नाहीत. गंगाबाईंच्याच डॉक्टरांना दाखवलं. तीच सुरुवात आहे म्हणाले. त्यांच्याइतकं वाढेलच असं नाही, गोळ्या घ्या, ऊन घ्या, बघू. हे तुला इतक्यात सांगणार नव्हते. पण टाउन हॉलचा कागद मी ताणला, पेन्सिलीची सगळी रेखाटणी कशीबशी पुरी केली, आकाशाला हात घातला आणि ब्रश अर्ध्या वाटेत बोटांतून गळून पडला. मला ते चित्र होणार नाही, महादू. माझं नाव विचारून माझ्याकडे आलेलं पहिलं काम, आणि मला ते होणार नाही. मी पोटभर रडून घेतलं आहे, तेव्हा तू आता त्यावर काही लिहू नकोस. कागद नुसताच परत पाठवला असता तर तुला वाटलं असतं, घराच्या भांडणावरून ताई रुसली, आणि तू जन्मभर तसंच समजला असतास. रुसलेली नाही. तुझी नोकरी या चित्रावर आहे हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून सांगते, रजा काढ आणि इकडे ये. साहेबांना खरं कारण सांग, लाजू नकोस. डाग धुऊन कागद पुन्हा ताणून ठेवला आहे. बाबांच्या पडद्यांवरची आकाशं शिडीवर चढून तूच मारायचास, तो हात कुठे जात नाही. ब्रश तू धर, मी शेजारी बसून सांगत जाईन, चुकलास तर ओरडेनही. आणि निघण्याआधी त्या टाउन हॉलचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते साहेबांना विचारून घे.

तुझीच,
शकूताई